शाळा दीड किलोमीटरवर आहे. मुलाला चालत पाठवावे का?

पर्णकुटी

माझा मुलगा जूनमध्ये सहावीत जाईल. आम्ही कोथरूडमध्ये राहतो आणि शाळा घरापासून साधारण दीड किलोमीटरवर आहे. आजवर तो व्हॅनने जात असे. परंतु व्हॅनवाल्या काकांनी या वर्षापासून काम बंद केले आहे, त्यामुळे घरात रोज चर्चा झडत आहे. नवऱ्याचे म्हणणे असे की दुचाकीवरून सोडावे, सासूबाईंचे म्हणणे असे की चालत जाऊ द्यावे, आणि मुलाला सायकल हवी आहे. वाटेत पौड रस्ता ओलांडावा लागतो. उरलेला सर्व मार्ग आतल्या गल्ल्यांतून जातो.

या निमित्ताने थोडे वाचन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल हवी. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले होते की २०१६ साली जगातील ११ ते १७ वर्षांच्या ८१ टक्के मुलामुलींची एवढी हालचाल होत नव्हती. भारतातही सुमारे तीन चतुर्थांश मुले कमीच पडत होती. शाळेत चालत जाऊन-येऊन माझ्या मुलाची साधारण ४० मिनिटे होतील. इतक्या हालचालीसाठी पौड रस्त्याचा धोका पत्करावा का, आणि ती हालचाल खरोखरच उपयोगाची असते का, याबद्दल अनुभवी सदस्यांची मते हवी आहेत.

ठाणेकर_आई

माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी जवळजवळ ३३ हजार पादचारी होते. आम्ही घोडबंदर रस्त्यालगत राहतो. तेथे मोठी माणसेही रस्ता ओलांडताना एकमेकांचा हात धरतात. मुलाला व्यायाम हवा असेल तर संकुलाच्या आवारात खेळू द्यावे, पोहायला घालावे. त्यासाठी रस्ताच कशाला हवा?

अर्धविराम

सासूबाईंचे ऐकावे. या संस्थळावर असा सल्ला क्वचितच मिळतो, तेव्हा त्याची छापील प्रत काढून घरात दर्शनी भागी लावावी.

शिट्टी_आणि_मैदान

मी सातारा जिल्ह्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

चालणे उपयोगाचे आहे, पण ते कसे चालले जाते यावर बरेच अवलंबून असते. श्वास थोडा वाढेल इतक्या वेगाने चालल्यासच ती हालचाल मध्यम प्रतीची धरतात. मोबाइलमध्ये पाहत रेंगाळणारे मूल शाळेत पोहोचते, एवढेच. शिवाय त्याच सूचनांमध्ये आणखी एक भाग आहे, जो पालक सहसा वाचत नाहीत: आठवड्यातून किमान तीन दिवस दम लागेल अशी जोरकस हालचाल आणि स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम हवेत. वयात येण्याच्या काळात हाडांची घनता झपाट्याने वाढते आणि त्यासाठी उड्या मारणे, धावणे, लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या यांसारखा भार हाडांवर पडावा लागतो. सायकल हृदयासाठी आणि मांड्यांसाठी उत्तम. पण वजन खोगिरावर असल्याने हाडांवर तो भार तितकासा येत नाही. म्हणून चालणे किंवा सायकल हा पाया मानावा आणि त्यावर खेळ असावा.

तरीही मी शाळेत चालत येण्याच्या बाजूचा आहे. कारण साधे आहे. पोहण्याचा वर्ग परीक्षा आली की बंद होतो, संकुलातील खेळ शिकवणी लागली की बंद होतो, आणि शाळेतला खेळाचा तास तर गणिताच्या शिक्षकांना अभ्यासक्रम पूर्ण करायचा असला की सर्वांत आधी जातो. शाळेत जाणे मात्र कोणी रद्द करत नाही. दहावीच्या वर्षी ज्या मुलांची बाकी सर्व हालचाल थांबते, त्यांच्यातही चालत येणाऱ्या मुलांची ही अर्ध्या-पाऊण तासाची शिदोरी शाबूत राहते.

पाठीवरच्या दप्तराकडेही पाहावे. २०२० च्या शालेय दप्तर धोरणाप्रमाणे त्याचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे. सहावीतले मूल ३५ किलोचे धरले तर दप्तर साडेतीन किलोचे झाले. घरी काट्यावर ठेवून पाहावे.

गणिताचा_तास

वरील प्रतिसादात माझ्या जमातीवर झालेल्या आरोपाचा निषेध. आम्ही खेळाचा तास घेत नाही, तो आम्हाला दिला जातो. आणि वेळापत्रक लावणाऱ्यांत खेळाचे शिक्षकही असतात.

साकवावरून

आमचे शिक्षण राजापूर तालुक्यात झाले. पावसाळ्यात वहाळाला पाणी चढले की वाडीतले कोणी तरी मोठे माणूस साकवाशी उभे राहून एकेका मुलाला पलीकडे नेत असे. चपला हातात, पाटी डोक्यावर आणि इरले पाठीवर. आम्हाला कोणी हालचालीचे मिनिटांत मोजमाप सांगितले नव्हते, पण आमच्यापैकी लठ्ठ मूल मला आठवत नाही. आजच्या पालकांनी मुलांना काचेच्या भांड्यासारखे जपणे थांबवावे, असे मला नम्रपणे वाटते.

सातपुडा_पायवाट

साकवावरून यांच्याबद्दल आदर राखून काही लिहितो. मी नंदुरबार जिल्ह्यातील डोंगराळ भागात आरोग्याचे काम करतो. आमच्याकडे मुले आजही चालतात आणि त्या चालण्याला मी व्यायाम म्हणायला तयार नाही. पाड्यावरून शाळेपर्यंतचा चढउतार, पोटात सकाळची कोरी चहा-भाकरी, किंवा तीही नाही. ज्या मुलाचे वजन आधीच वयाच्या मानाने कमी आहे, त्याच्याकडून आपण आणखी ऊर्जा खर्च करून घेतो. पावसात नाल्याला पाणी आले की शाळा बुडते, आणि बुडता बुडता अखेरीस सुटते. लठ्ठ मूल दिसत नसे हे खरे. पण जी मुले चौथीनंतर शाळेत दिसेनाशी झाली, ती कोणाच्या आठवणीत मोजली जात नाहीत.

शिवाय हे अंतर वाढते आहे. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारने दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचे ठरवले होते. पुढे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे अनेक लहान शाळा मिळून एका मोठ्या शाळेचे, प्रस्ताव मागवले गेले आणि त्या वेळी तोरणमाळ व पानशेत येथील समूह शाळांचे उदाहरण देण्यात आले. मोठ्या शाळेचे फायदे असतात. वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळतो, खेळायला संघ होण्याइतकी मुले मिळतात. परंतु जी शाळा पाड्यात होती ती डोंगरापलीकडे गेली की मुलाला एकतर गाडीची वाट पाहावी लागते किंवा वसतिगृहात राहावे लागते. शहरात पाचशे मीटरसाठी गाडी आणि डोंगरात पाच किलोमीटर पायी, अशी आपली विभागणी आहे.

साकवावरून

आपला मुद्दा मान्य आहे. आमच्या वर्गातल्या मुलीही पाचवीनंतर कमी कमी होत गेल्या होत्या, आणि त्याचे कारण साकवच होता असे आई नेहमी म्हणत असे.

नकाशातले_घर

मूळ धाग्यात एक गोष्ट कोणी विचारलेली नाही: शाळा दीड किलोमीटरवर आहे हेच आज शहरात नवल आहे. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे धरले आहे. म्हणजे कायद्याच्या कल्पनेतले मूल चालतच शाळेत जाते. प्रत्यक्षात माझ्या इमारतीतली मुले निरनिराळ्या दिशांना असलेल्या शाळांत जातात, आणि समोरच्या महापालिकेच्या शाळेत त्यांच्यापैकी एकही जात नाही. आपण मंडळाच्या नावावरून, इंग्रजी माध्यमावरून आणि इमारतीच्या वातानुकूलनावरून शाळा निवडतो, मग ती दहा किलोमीटरवर निघते, मग मूल रोज दोन तास बसमध्ये बसते, आणि मग त्याला हालचाल मिळावी म्हणून आपण संध्याकाळी त्याला गाडीत घालून क्रीडासंकुलात नेतो. या साखळीतली पहिली कडी प्रवेश अर्ज भरताना तयार होते.

ठाणेकर_आई

जवळची शाळा चांगली असती तर लांब पाठवण्याची हौस कोणाला असते? वर्गात किती मुले आहेत, शिक्षक टिकतात का, मुलींसाठी स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का, हे पाहूनच पालक निर्णय घेतात. अंतराचा दोष पालकांच्या माथी मारणे सोपे आहे.

नकाशातले_घर

दोष पालकांच्या माथी मारण्याचा हेतू नाही. मीही त्याच पालकांपैकी एक आहे. पण ‘चांगली शाळा’ ठरवताना आपण अंतराला गुण देतच नाही, एवढेच म्हणतो. दहापैकी दोन गुण जरी दिले असते तरी काही निवडी बदलल्या असत्या.

मांडवीकाठ

गोव्यात अनुदानित शाळांना सरकारी साहाय्याने बालरथ बसगाड्या मिळाल्या आहेत. दूरच्या वाड्यांवरील मुलांची, विशेषतः पावसाळ्यात, त्यामुळे मोठीच सोय झाली, हे आधी नोंदवतो. मात्र आमच्या गावात ज्यांची घरे शाळेच्या कुंपणाला लागून आहेत म्हणावीत, तीही मुले आता बसची वाट पाहत उभी असतात. चालत गेली असती तर बसच्या आधी पोहोचली असती.

पंप_शाळेत_आहे

मी जालना जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातील १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी ५ हजार रुपये मिळतात. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असावे लागते. त्यापलीकडच्या मुलींसाठी याच कार्यक्रमातून एसटीच्या निळ्या बसगाड्या धावतात. या योजनेविषयी शहरात फारसे कोणाला ठाऊक नसते, म्हणून सविस्तर लिहिते.

सायकल आल्याने काय बदलते, तर सर्वप्रथम वेळ. पायी तास लागत असे, तेथे वीस-पंचवीस मिनिटे लागतात. घरी पाणी भरून, भाकऱ्या करूनही मुलगी प्रार्थनेला उभी राहू शकते. दुसरे म्हणजे सोबत. वस्तीवरून एक निघाली की रस्त्यात तीन-चार जणी मिळतात आणि मग टोळकी टिंगल करायला कचरतात. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या मुलींच्या सायकल योजनेचा कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला होता. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, मुलगे-मुलींमधील तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटली, आणि शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत परिणाम अधिक दिसला.

अडचणीही आहेत. पाच हजारांत येणाऱ्या सायकलीचे ब्रेकचे रबर पहिल्या पावसातच झिजते. टायरमध्ये बाभळीचा काटा गेला की पंक्चरचे दुकान गावात नसते, आणि मग सायकल पडवीत उभी राहते. तोपर्यंत वडिलांनी तिला दुधाची किटली लावलेली असते. आम्ही शाळेत हवा भरायचा पंप, पान्ह्यांचा संच आणि पंक्चरची चिकटपट्टी ठेवली. दहावीतल्या दोघी जणी आता ट्यूब बाहेर काढून, पाण्याच्या घमेल्यात बुडवून, बुडबुडे कोठून येतात ते पाहून स्वतः पंक्चर काढतात. सायकल वाटण्याच्या समारंभाला पाहुणे येतात. पंपासाठी कोणी येत नाही.

शहरातल्या मातांना एक सांगावेसे वाटते. मुलींची हालचाल वयात येण्याच्या काळात बरीच घटते. मैदान मुलांचे होते, रस्ता टोळक्यांचा होतो, आणि मुलीला ‘आता मोठी झालीस’ असे सांगून घरात बसवले जाते. शाळेला जाणे ही तिला बाहेर पडण्याची एकमेव निर्विवाद सबब असते. तीही रिक्षात बसवून काढून घेऊ नये.

शिट्टी_आणि_मैदान

हा प्रतिसाद आमच्या शाळेच्या फलकावर लावण्याची परवानगी असावी.

पंप_शाळेत_आहे

अवश्य लावावा, पंपही ठेवावा.

नळस्टॉपचा_सिग्नल

शहरात सायकलीची जागा मोटारीने घेतली असे आपण म्हणतो; निदान आठवी-नववीच्या वयोगटात ती गिअर नसलेल्या स्कूटरने घेतली आहे. संध्याकाळी शिकवणीच्या वर्गांबाहेर उभ्या राहणाऱ्या स्कूटरच्या रांगा पाहाव्यात आणि त्यांच्या चालकांचे वय विचारावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तरीही जे पालक मुलाला सायकलवरून पाठवायला घाबरतात, त्यांच्यापैकी काही जण तीन वर्षांनी त्याच मुलाच्या हाती शंभर सीसीहून मोठी स्कूटर देतात. रस्त्याच्या भीतीचे हे गणित मला आजवर उलगडलेले नाही.

गणिताचा_तास

हे गणित आमच्याकडे सोपवू नये.

अर्धविराम

पुण्यात २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांच्या सुमारास सायकल मार्ग बांधले गेले, २०१६ मध्ये पादचारी धोरण आले आणि २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला. या तिन्हींवर सध्या मोटारी उभ्या आहेत.

कालव्याकाठी

मी नेदरलँड्समध्ये उत्रेख्त येथे राहतो. येथील मुले सायकलने शाळेत जातात याची छायाचित्रे भारतात फार फिरतात आणि ‘त्यांची संस्कृतीच तशी आहे’ असे म्हणून विषय संपवला जातो. म्हणून थोडा इतिहास.

साठच्या दशकात येथेही मोटारींसाठी रस्ते रुंद होत होते आणि सायकली घटत होत्या. १९७१ साली या छोट्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले. आंदोलनाचे नावच ‘मुलांची हत्या थांबवा’ असे होते. १९७३ च्या तेलटंचाईने त्याला बळ मिळाले आणि मग रस्त्यांची रचना बदलत गेली. आज चौदा वर्षांखालील पायी किंवा सायकलवरील मुलाला मोटारीची धडक बसल्यास भरपाईची जबाबदारी जवळजवळ नेहमीच मोटारचालकावर येते. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलांची वाहतुकीची परीक्षा असते आणि अनेक ठिकाणी तिचा प्रात्यक्षिक भाग खऱ्या रस्त्यावर होतो. माझ्या मुलीला वळण्यापूर्वी मागे वळून न पाहिल्याबद्दल गुण कमी मिळाले होते, त्याचा राग घरात बरेच दिवस टिकला.

ठाणेकर_आई

हेच तर माझे म्हणणे आहे. आधी रस्ता बदलावा, मग मुलांना त्यावर पाठवावे.

कालव्याकाठी

येथे रस्ता बदलण्याची मागणी करणारे पालक आणि मुले तोवर रस्त्यावरच होती. जो रस्ता कोणी चालतच नाही, त्याच्या पदपथाचा आग्रह महापालिकेकडे धरणार कोण?

सोसायटी_क्र_३

आम्ही हडपसरला एक मध्यम मार्ग काढला, तो कदाचित पर्णकुटी यांना उपयोगी पडेल. आमच्या आणि शेजारच्या संकुलातील मुले ठरलेल्या वेळी फाटकापाशी जमतात आणि दोन पालक त्यांना चालत शाळेत नेतात. पालकांच्या पाळ्या लावलेल्या आहेत. मुलांनी त्याला ‘दिंडी’ असे नाव दिले. पुढे पताका म्हणून लाल छत्री घेतलेले मोठे मूल, मधे लहान मुले, शेवटी पालक. वाटेवर ठरलेले थांबे आहेत आणि जे मूल वेळेवर आले नाही त्याच्यासाठी दिंडी थांबत नाही. हा नियम सुरुवातीला कठोर वाटला, पण त्यामुळेच ती वेळेवर पोहोचते.

भांडणेही झाली. पाळी असलेले पालक ऐनवेळी येत नाहीत, आणि मुलींनी पुढे चालायचे की नाही यावर एका आजोबांनी सभा बोलावली होती. मुली पुढे चालतात.

धूर_आणि_धूळ

हवेच्या प्रदूषणाचे काय? वर्दळीच्या वेळी पौड रस्त्याच्या कडेने चालणारे मूल धूरच ओढून घेणार.

शिट्टी_आणि_मैदान

त्याच रस्त्यावर उघड्या रिक्षात किंवा दुचाकीवर बसलेले मूलही तोच धूर घेते, आणि सिग्नलला गाडीच्या धुरांड्यामागे थांबून घेते. आतली गल्ली निवडल्यास चालणाऱ्याला तो टाळता तरी येतो. दमा असलेल्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

पांढरे_पट्टे

रस्ता सुरक्षेच्या कामाचा काही वर्षांचा अनुभव असल्याने मूळ प्रश्नाकडे येतो. या प्रवासात धोका दीड किलोमीटरभर सारखा पसरलेला नाही. तो दोन ठिकाणी साचलेला आहे. एक म्हणजे पौड रस्ता आणि दुसरे म्हणजे शाळेचे फाटक.

रस्ता कोठे ओलांडायचा हे मुलावर सोपवू नये, एकच जागा पक्की करावी. सिग्नल असलेला चौक शंभर पावले दूर असला तरी तेथूनच ओलांडावा. दुभाजकावर उभे राहण्याइतकी जागा आहे का आणि डावीकडे वळणाऱ्या गाड्या लाल दिव्यालाही थांबतात का, हे शाळेच्याच वेळी जाऊन पाहावे. रविवारचा चौक काहीच सांगत नाही. लहान मुलांना समोरून येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही, म्हणून दहा-अकराव्या वर्षापर्यंत मोठ्या रस्त्यावर सोबत असावी. सहावीतले मूल शिकण्याच्या वयाचे आहे. पहिले काही आठवडे बरोबर चालावे, नंतर चार पावले मागून, नंतर फक्त चौकापर्यंत. सायकल मात्र पौड रस्त्यावर इतक्यात नको. चौकात उतरून हातात धरून नेणार असेल तर विचार करावा.

फाटकाचा धोका पालक स्वतः निर्माण करतात. मुलांना सोडायला आलेल्या दुचाकी व मोटारी तेथेच वळतात, मागे घेतात आणि दारे उघडतात. लंडनमध्ये अशा शेकडो शाळांसमोरचा रस्ता शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी मोटारींसाठी बंद ठेवतात. मुले आणि वाहने एकत्र येतात तेथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे रस्ता सुरक्षेविषयीच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही म्हटले आहे. आपल्याकडे एवढ्याची वाट न पाहता शाळेने गाड्या दोनशे मीटर अलीकडे थांबवायला सांगितले, तरी गाडीने येणारी मुलेही तेवढी चालतील.

पर्णकुटी

सर्वांचे मनापासून आभार. काल व आज आम्ही दोघे शाळेच्या वेळी चालून आलो. चौकात पादचाऱ्यांचा दिवा आहे, परंतु डावीकडे वळणारी दुचाकी त्याला जुमानत नाही. दुभाजकावर मात्र नीट थांबता येते. मागच्या इमारतीतली आणखी तीन मुले याच शाळेत आहेत आणि त्यांच्या पालकांना दिंडीची कल्पना आवडली आहे. सायकल दिवाळीनंतर, आतल्या गल्ल्यांत सराव झाल्यावर, असे मुलाशी ठरले आहे. त्याने ते लेखी मागितले.

शाळेत चौकशी केली तेव्हा एक नवीच गोष्ट कळली. शाळा सुटल्यावर आधी बस, मग व्हॅन, मग दुचाकीवाले पालक अशा क्रमाने मुलांना सोडतात, आणि चालत जाणाऱ्यांना सर्वांत शेवटी. का, असे विचारले तर ‘त्यांची संख्या फार नाही’ असे उत्तर मिळाले.

पांढरे_पट्टे

चालणाऱ्यांना सर्वांत आधी सोडण्याची विनंती लेखी द्यावी आणि त्यावर चारही मुलांच्या पालकांच्या सह्या घ्याव्यात. पाच-सात मिनिटांचा फरक पडतो, पण तेवढ्यात मुले फाटकाच्या गर्दीतून सुटून गल्लीत शिरलेली असतात.

ठाणेकर_आई

माझे मत घोडबंदर रस्त्यापुरते कायम आहे. तरीही सोसायटी क्र. ३ यांना विचारते: जुलैत दिंडीचे काय होते?

सोसायटी_क्र_३

चालू असते. लहान मुलांना छत्री देत नाही, कारण ती वाऱ्याने उलटते आणि समोरचे दिसत नाही. गुडघ्याखाली येणारा पिवळा रेनकोट आणि रबरी चपला, बूट-मोजे पिशवीत. रस्त्यावर पाणी तुंबले तर त्या दिवशी दिंडी रद्द केल्याचा निरोप निघण्यापूर्वी गटावर टाकतो, आणि तो टाकण्याचा अधिकार फक्त पाळी असलेल्या दोन पालकांना आहे. नाही तर थेंब पडला की निरोप येतो.

अर्धविराम

आमच्या सोसायटीत निरोप ढग दिसल्यावरच येतो.